पातालपाणी-कालाकुंड: इंजिन डिझेलचं, पण घाट वाफेचा

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या ओळखीची पाच-सहा कुटुंबं मिळून येत्या पावसाळ्यात इंदूरजवळच्या पातालपाणी-कालाकुंड हेरिटेज गाडीने एक दिवसाची सहल काढणार आहेत. सोबत शाळकरी मुलं आहेत आणि दोन-तीन आजी-आजोबाही. त्यांचे प्रश्न असे: ‘या गाडीला वाफेचं इंजिन असतं असं ऐकलंय, ते खरं का? घाटातून जाताना मुलांना नेमकं काय दाखवावं? आणि खरोखरचं वाफेचं इंजिन डोंगर चढताना बघायचं असेल तर इंदूरहून कुठे जावं?’

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. २५ डिसेंबर २०१८ ला ही हेरिटेज गाडी सुरू झाली तेव्हापासून तिला डिझेल इंजिनच आहे. मोठमोठ्या काचांचे डबे आहेत, गाडी छान सजवलेली असते, पण वाफेचं इंजिन या लाईनीवरून नव्वदच्या दशकात गेलं ते गेलंच. कुणी तुम्हाला धुराचे लोट सोडणाऱ्या गाडीचा फोटो ‘आपल्या पातालपाणीचा’ म्हणून पाठवला असेल, तर तो एक तर जुना आहे, नाहीतर दुसरीकडचा.

म्हणून बेत मात्र रद्द करू नका. मी महूच्या शेडमध्ये फायरमन, म्हणजे इंजिनाच्या आगीत कोळसा घालणारा, म्हणून लागलो, पुढे ड्रायव्हर झालो, आणि याच घाटात वायजी, म्हणजे छोट्या लाईनीवरच्या मालगाडीच्या वाफेच्या इंजिनांवर माझी उमेदीची वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, हा घाट अजूनही वाफेच्या इंजिनाचाच आहे. लाईन कुठून काढायची, चढ किती ठेवायचा, स्टेशन कुठे बसवायचं, गाडी कुठे थांबवायची, हे सगळं वाफेच्या इंजिनाला काय झेपतं ते बघून ठरलं. पातालपाणीचा धबधबा मुलांना आपोआप दिसेल, तो दाखवायला कुणी लागत नाही. लाईन मात्र दाखवावी लागते. ती कशी बघायची तेच इथे सविस्तर लिहितो.

थोडा इतिहास, कारण तो आपल्या इंदूरचा आहे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला खंडवा-इंदूर लाईनीसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षं. त्या काळच्या एक कोटीचा अंदाज आज करता येत नाही, पण नुसतं व्याज वर्षाला साडेचार लाख होत होतं, यावरून काय ते समजा. लाईनीचं नाव होळकर स्टेट रेल्वे. खंडव्याच्या बाजूने १८७४ मध्ये काम मार्गी लागलं, नर्मदेवर मोरटक्क्याजवळ पूल झाला, आणि सगळ्यात शेवटी राहिला तो हा घाट. इंदूरला पहिलं इंजिन आलं ते हत्तींनी ओढून आणलं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. घाट पुरा झालेला नसताना वरच्या बाजूला इंजिन पोचवायचं तर दुसरा उपायही नव्हता. पुढे हीच छोटी लाईन (मीटर गेज) खंडव्याहून अकोला, वाशीम, हिंगोली, पूर्णेपर्यंत जोडली गेली. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांचं आजोळ या लाईनीच्या दुसऱ्या टोकाला होतं. जयपूरकडून येणारी मीनाक्षी एक्सप्रेस रात्री-अपरात्री याच घाटातून उतरायची. तुमच्या गटातल्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्यापैकी कुणी ना कुणी त्या गाडीने माहेरी किंवा मामाकडे गेलेलं असेल.

आता घाट. पातालपाणी वर, कालाकुंड खाली, मध्ये सुमारे साडेनऊ किलोमीटर. चढ चाळीसात एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पायी चालणाऱ्याला हा चढ जाणवतही नाही. रेल्वेला तो फार मोठा. आपल्या मराठी वाचकांना कसारा आणि खंडाळ्याचा घाट माहीत असतो. तिथे सदतिसात एक आहे. म्हणजे आपला घाट त्यांच्याच पंगतीतला, फक्त रूळ अरुंद आणि इंजिन लहान.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर टेकतं ते नखाएवढ्या जागेवर. सपाटीला हाच रेल्वेचा फायदा, घर्षण जवळजवळ नसतं, म्हणून थोड्या जोरात पुष्कळ वजन ओढता येतं. चढावर तीच गोष्ट अंगावर येते. मुलांना हिशोब करायला लावा, सातवी-आठवीच्या मुलाला जमण्यासारखा आहे. वायजी इंजिनाची चार जोड चाकं ओढायचं काम करतात आणि त्यांच्यावर मिळून चाळीसेक टन वजन असतं. रूळ कोरडा असेल तर त्या वजनाच्या साधारण पाव हिश्शाएवढी ओढ मिळते, म्हणजे दहा टन. त्याहून जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी गरगर फिरतं. इंजिन आणि टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) मिळून शंभर टनांच्या आसपास भरतात, त्यामुळे चाळीसात एकच्या चढावर इंजिनाला स्वतःला वर न्यायलाच अडीच टन ओढ खर्च होते. उरली साडेसात. त्यातून वळणांचं आणि डब्यांच्या धुऱ्यांचं घर्षण वजा केलं की सव्वादोनशे-अडीचशे टनांची गाडी जेमतेम वर जाते. आणि हे कोरड्या रुळावर. तुम्ही जाणार आहात त्या दिवसांत, पाऊस भुरभुरत असताना, रुळावर सागाची कुजलेली पानं चिकटलेली असताना, तीच ओढ पाव हिश्शावरून सहाव्या हिश्शावर येते आणि गाडीचं वजन निम्म्यावर आणावं लागतं.

म्हणून इंजिनावर वाळूची पेटी असते. तिच्यातली वाळू नळीने चाकाच्या अगदी पुढ्यात रुळावर पडते. वाळू कोरडी हवी, नाहीतर नळी तुंबते. शेडमध्ये पावसाळ्यात वाळू भाजण्याचं काम रोज चाले. आणि म्हणून बँकर. कालाकुंडला गाडी थांबायची, मागे आणखी एक इंजिन लागायचं, पुढच्याने शिटी द्यायची, मागच्याने उत्तर द्यायचं, आणि दोघांनी एकदम रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा, उघडायचा. पुढचा ड्रायव्हर मागच्याला बघू शकत नाही. फक्त आवाजावर काम. मागच्याने आधी ढकललं तर डबे एकमेकांवर आपटतात, पुढच्याने आधी ओढलं तर कपलिंगवर सगळा ताण येतो. कालाकुंडसारख्या छोट्या गावात एवढं मोठं स्टेशन कशाला, असा प्रश्न मुलं विचारतील. उत्तर हेच: इंजिनाला इथे मदत घ्यावी लागायची, पाणी घ्यावं लागायचं, आग नीट करून घ्यावी लागायची. स्टेशन आधी गाडीसाठी झालं, माणसांसाठी नंतर.

आता मला सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगतो. वाफेचं इंजिन ‘छुक-छुक’ का करतं? सिलिंडरमध्ये काम संपलेली वाफ चिमणीच्या खालच्या नळीतून जोरात वर फेकली जाते. ती वर जाताना आपल्याबरोबर धूरपेटीतली, म्हणजे चिमणीखालच्या कप्प्यातली, हवा ओढून नेते, तिथे पोकळी होते, आणि ती पोकळी भरायला आगीच्या जाळीखालून ताजी हवा निखाऱ्यांतून आत खेचली जाते. म्हणजे इंजिन जितकं जोर लावेल तितकी आग आपोआप जास्त फुलते. त्याला वेगळा भाता लागत नाही. प्रत्येक ‘छुक’ म्हणजे आगीला मिळालेला एक श्वास. दोन सिलिंडर, प्रत्येकी दोन बाजूंनी वाफ, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. वायजीचं चाक चार फूट व्यासाचं. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला एकापेक्षा थोडं जास्त फिरतं, म्हणजे सेकंदाला चार-साडेचार ठोके. आम्ही वेग घड्याळाने मोजत नव्हतो, कानाने मोजत होतो. चारही ठोके सारखे हवेत. त्यातला एक बारीक पडला की व्हॉल्व्ह बिघडलाय हे शेडला पोचायच्या आधीच कळायचं.

कोळसा घालणं हे नुसतं ताकदीचं काम नाही. नवीन मुलगा यायचा आणि चढ दिसला की फावड्यावर फावडी टाकायचा. आग दडपली जायची, काळा धूर निघायचा आणि प्रेशर उतरायचं. कोळसा पातळ आणि वरचेवर द्यायचा. दार उघडलं, एक फावडं मागच्या कोपऱ्यात, दार बंद. पुन्हा उघडलं, दुसऱ्या कोपऱ्यात. मग चिमणीकडे नजर. काळा धूर म्हणजे हवा कमी, कोळसा वाया. काहीच दिसत नाही म्हणजे आग पातळ, थंड हवा आत शिरतेय. हलका करडा धूर हवा. आपल्याकडच्या कोळशाला राख फार, त्यामुळे एक किलो कोळशात सहा-सात लिटर पाण्याची वाफ झाली तरी चांगलं म्हणायचं. टेंडरमध्ये साडेतेरा हजार लिटरच्या आसपास पाणी मावायचं, तरीही घाटाच्या दोन्ही टोकांना पाण्याचा नळ लागायचा, तो यासाठी. पातालपाणी, कालाकुंडसारख्या जुन्या स्टेशनांवर उंच टाकी किंवा वळणाऱ्या तोंडाच्या नळाचा खांब शिल्लक दिसला तर मुलांना तिथे उभं करा आणि सांगा, इथे इंजिन पाणी प्यायचं.

आणि मग गेज ग्लास. ड्रायव्हरच्या समोर, बॉयलरच्या पाठीवर, बोटाएवढी जाड काचेची नळी असते. तिच्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते. वाफेच्या इंजिनावर सगळ्यात महत्त्वाची वस्तू कुठली असं कुणी विचारलं तर मी रेग्युलेटर म्हणणार नाही, ब्रेकही म्हणणार नाही, ही काच म्हणेन. आगपेटीच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, डोक्यावर तांब्याचं किंवा पोलादाचं छत असतं. त्याच्या खालून धगधगती आग आणि वरून पाणी. पाणी आहे तोवर छत सुरक्षित. पाणी सरकलं की काही मिनिटांत धातू मऊ पडतो, आणि आत दर चौरस इंचाला दोनशे दहा पौंडांचा दाब असतो.

घाटात हे पाणी जागेवर राहत नाही. पातेलं तिरकं धरलं की पाणी एका बाजूला जातं तसंच बॉयलरचं होतं. कालाकुंडहून चढताना चिमणी वर, आगपेटी खाली. पाणी मागे येतं, आगपेटीचं छत चांगलं बुडलेलं असतं आणि काच भरलेली दिसते. फायरमनला बरं वाटतं. धोका पुढे आहे. गाडी पातालपाणीच्या माथ्यावर येते, इंजिन सपाट होतं, आणि तेच पाणी पुढे धावतं. त्याच वेळी ड्रायव्हर रेग्युलेटर मिटतो. रेग्युलेटर उघडा असताना वाफेच्या उकळीने पाणी फुगलेलं असतं. मिटला की ते खाली बसतं. म्हणजे एकाच क्षणी दोन्ही कारणांनी काचेतली पातळी पडते. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, सगळी वाफ ओढण्यात खर्च होत असताना, इंजेक्टर लावून बॉयलरमध्ये थंड पाणी घ्यायला कुणाचं मन होत नाही, कारण प्रेशर उतरतं. तिथेच जुने ड्रायव्हर फायरमनच्या मागे लागायचे. प्रेशर दहा पौंड उतरलं तर गाडी हळू चढेल. पाणी उतरलं तर काय होईल हे सांगायची गरज नव्हती. छतात शिशाचा प्लग बसवलेला असतो, पाणी कमी झालं की तो वितळून वाफ आगीवर सोडतो आणि धोका ओळखू येतो. पण ज्याच्या इंजिनाचा लीड प्लग गेला त्याला शेडमध्ये मान वर करता यायची नाही.

उतरताना याच्या उलट. महूकडून कालाकुंडला जाताना चिमणी खाली, त्यामुळे पाणी पुढे पळतं आणि आगपेटीचं छत उघडं पडू बघतं. म्हणून पातालपाणी सोडायच्या आधी काच भरून घ्यायची, हा पक्का नियम.

पातालपाणीला गाडी का थांबते? याची दोन उत्तरं तुम्हाला ऐकायला मिळतील. गावातलं उत्तर तंट्या भिल्लांचं. होळकरांच्या आणि इंग्रजांच्या मुलखात सावकारांना आणि फौजेला जेरीस आणणाऱ्या तंट्या मामांना ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी दिली, आणि त्यांचा देह या लाईनीजवळ आणून टाकला अशी इथली श्रद्धा आहे. लाईनीशेजारी त्यांचं मंदिर आहे. गाड्या त्यांना सलामी देण्यासाठी थांबत आल्या. रेल्वेचं उत्तर ब्रेकचं. घाट उतरण्याआधी गाडी पूर्ण उभी करून ब्रेक तपासायचा. ही दोन्ही उत्तरं आमच्यासाठी कधी एकमेकांच्या आड आली नाहीत. ब्रेक तपासायचा, शिटी द्यायची, मंदिराकडे हात जोडायचे आणि मगच उतरायचं. मुलांना दोन्ही सांगा.

व्हॅक्युम ब्रेकची गंमत अशी की तो लावायला ताकद लागत नाही, सोडायला लागते. इंजिन सगळ्या डब्यांखालच्या नळीतून हवा काढून टाकतं. साधारण एकवीस इंच व्हॅक्युम झाला की ब्रेक सुटलेले. नळीत हवा सोडली की ब्रेक लागतात. डबा तुटून मागे राहिला तरी हवा आपोआप शिरते आणि तो थांबतो. पण उतारावर सारखा-सारखा थोडा ब्रेक लावला आणि सोडला, तर पुन्हा व्हॅक्युम तयार व्हायला वेळ मिळत नाही आणि ब्रेक हळूहळू दुबळा होत जातो. म्हणून वेग वाढू द्यायचाच नाही. घाटात पहिल्या शंभर मीटरला जो वेग धरला तोच शेवटपर्यंत. उतरताना खिडकीतून तापलेल्या लोखंडाचा वास आला तर घाबरू नका, ब्रेकब्लॉक घासल्याचा तो वास आहे. कालाकुंडला उतरल्यावर चाकाच्या जवळ हात नेऊ नका, इतकंच.

घाटात चार बोगदे आहेत. आता मुलं बोगदा आला की ओरडतात, आम्ही गप्प व्हायचो. चढणाऱ्या इंजिनाचा सगळा धूर आणि वाफ त्या अरुंद नळीत कोंडायची आणि आमच्याच अंगावर यायची. ओलं फडकं नाकातोंडाला बांधायचं, बोगद्याआधी कोळसा घालून दार बंद करायचं, ब्लोअर, म्हणजे चिमणीत थेट वाफ सोडणारी नळी, थोडी उघडी ठेवायची. ब्लोअर का, तर मघाशी सांगितलेली, चिमणीतून हवा खेचणारी ओढ कुठल्याही कारणाने थांबली तर आग दारातून उलटी बाहेर येते, आणि ब्लोअरची वाफ ती ओढ चालू ठेवते. बोगद्याच्या छताकडे नजर टाकायला मुलांना सांगा. वर काजळी दिसली तर ती डिझेलच्या आधीच्या काळातली, कोळशाचीही असणार.

आता दिवसाचा बेत. ही गाडी मोसमाप्रमाणे चालते, पावसाळ्यात बहुतेक शनिवार-रविवारी, आणि वेळा बदलत राहतात. तेव्हा निघायच्या आठवड्यात रेल्वेच्या आरक्षणाच्या साईटवर बघूनच ठरवा, मागच्या वर्षीच्या पोस्टवर विसंबू नका. महू-खंडवा भागात मोठ्या लाईनीचं (ब्रॉड गेजचं) काम सुरू झाल्यापासून गाडी पातालपाणीहूनच सुटते, म्हणून तिथपर्यंत आपली गाडी किंवा टॅक्सी. महूपर्यंत बावीस-तेवीस किलोमीटर आहे, पुढचा रस्ता अरुंद आणि पावसाळी रविवारी गर्दीचा. सकाळी लवकर पोहे-जलेबी आटपून निघा. नव्या मोठ्या लाईनीला हा चाळीसात एकचा चढ ठेवायचा नाही, म्हणून ती वळसा घेऊन दुसरीकडून जाते. म्हणूनच ही जुनी लाईन हेरिटेज म्हणून टिकली.

आजी-आजोबांना काचेच्या एसी डब्यात बसवा, पण मुलांपैकी ज्यांना ऐकायची हौस आहे त्यांना साध्या डब्यात, उघडणाऱ्या खिडकीशी बसवा. एसीत घाट दिसतो, ऐकू येत नाही. जाताना एका बाजूला बसाल तर येताना दुसऱ्या. येतानाच्या प्रवासात, म्हणजे चढावर, जरा गप्पा थांबवून इंजिनाचा आवाज ऐका. वळण आलं की तो जड होतो, कारण वळणावर चाकाची कड रुळाला घासते. डिझेल असलं तरी चढ तोच आहे. कालाकुंडला पानात मिळणारा कलाकंद घ्याच. गाडीत बसल्या-बसल्या संपतो. माकडं फार, पिशव्या उघड्या ठेवू नका.

एका बाबतीत मी कडक बोलतो. पातालपाणी ते कालाकुंड रुळांवरून चालत जाण्याची हल्ली फॅशन झाली आहे. बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते, आणि पुलांवर तर नसतेच. रेल्वेच्या कायद्यानेही तो गुन्हा आहे. तसंच धबधब्याच्या वरच्या पात्रात उतरू नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस पडून लोंढा मिनिटभरात येतो. २०११ च्या जुलैत तिथे कुटुंबच्या कुटुंब अडकलं होतं आणि माणसं गेली. लांबून बघा, धबधबा लांबूनच जास्त चांगला दिसतो.

शेवटचा प्रश्न, खरं वाफेचं इंजिन. आमची वायजी आणि तिची बहीण वायपी, दोन्ही हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये चालू स्थितीत जपलेली आहेत. पण तिथे डोंगर नाही. दार्जिलिंगला डोंगर आहे आणि वाफही. घूमपर्यंतची फेरी दोन-एक तासांत होते, बतासिया लूप (रुळांचं मोठं गोल वळण) मिळतो, आणि इंजिनाच्या पुढच्या कठड्यावर बसून हाताने रुळावर वाळू टाकणारी माणसं मी तिथे पाहिली. पण इंदूरच्या कुटुंबाला, मुलांना घेऊन, एकदाच जायचं असेल तर मी निलगिरीची गाडी सांगेन.

मेट्टुपाळयमहून उटी ४६ किलोमीटर. कल्लारच्या पुढे चढ सुरू होतो तो बारात एकपर्यंत जातो, म्हणजे आपल्या घाटाच्या तिपटीहून जास्त. तिथे चाक आणि रुळाची पकड पुरतच नाही, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यात अडकून चढतं. इंजिनाला चार सिलिंडर. सपाटीला दोनच चालतात. दातेरी भाग आला की त्या दोनांत वापरलेली वाफ बाकीच्या दोन सिलिंडरांत जाते आणि ते दातेरी चाक फिरवतात. त्या क्षणी ठोक्याचा आवाज बदलतो, मुलांना कान देऊन ऐकायला सांगा. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला, म्हणजे चढताना मागे राहून ढकलतं, म्हणजे डबा सुटला तरी तो इंजिनावर येऊन टेकेल. डब्या-डब्यावर ब्रेक्समन असतो, हातात झेंडा घेऊन. आता तिथली बहुतेक इंजिनं कोळशाऐवजी तेलावर चालतात, त्यातली नवी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बनली. पण वाफ ती वाफच, आणि हिलग्रोव्हला गाडी पाण्यासाठी थांबते तेव्हा खाली उतरून इंजिनाजवळ जाता येतं.

वाफ फक्त कुन्नूरपर्यंत, पुढे उटीला डिझेल. त्यामुळे माणसं थकली असतील तर कुन्नूरला उतरून रस्त्याने उटी गाठा, काही चुकत नाही. पुढच्या डब्यात धूर कमी आणि दृश्य जास्त, मागच्या डब्यात इंजिन अगदी पाठीशी. तुमच्या गटाने मुलांसाठी मागचा डबा घ्यावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे परतीचा पाऊस कोसळतो आणि दरडींमुळे लाईन बंद पडते, म्हणून जानेवारी ते मार्च धरा. इंदूरहून अहिल्यानगरी एक्सप्रेस कोइम्बतूरला थेट जाते, आठवड्यातून एकदा. तिथून मेट्टुपाळयम तासाभराच्या अंतरावर. वाफेची गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, तेव्हा आदल्या रात्री मेट्टुपाळयमलाच मुक्काम करा. आरक्षण उघडलं की जागा पटकन संपतात आणि एका तिकिटावर सहाच जणांची नावं घालता येतात. तुमचा गट मोठा आहे, म्हणून आरक्षण उघडेल त्या सकाळी चार घरांतून चार जणांनी एकाच वेळी बसा, आणि आधी या गाडीची तिकिटं पक्की झाल्यावरच अहिल्यानगरीची काढा.